पुजलेल्या मॅटवर पाय

वरातीत आमचे हे कुठे सापडतील ते मोशीत कुणालाही विचारा. जनरेटरच्या गाडीपाशी. पुढे सगळा गाव नाचत असतो आणि हे मागे डिझेलचा वास घेत, खिशात चारचौघांचे मोबाइल आणि हातात कुणाच्या तरी चपला घेऊन उभे असतात. कधीकाळी भर चौकात डीजे बंद पडला होता, तो ह्यांनी चालू करून दिला. तेव्हापासून लोकांनी ती जागा ह्यांच्या नावावरच करून टाकली. ह्यांनाही ती सोयीची वाटली. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला आयुष्य गेलेलं. मशीन आपण लावून द्यायचं, चालवायला ऑपरेटर वेगळा. नाचाचंही तसंच आहे, असं ह्यांचं मत.

तनुजा आमची एकुलती. तिचं लग्न ठरलं. मुलगा गणराज, चांगला आहे, ताटात काही टाकत नाही. पण नोकरी गुजरातेत, म्हणजे पोरगी लांब जाणार. तुळशीचं लग्न झालं की पहिलाच मुहूर्त धरायचा असं ठरलं, आणि एका सकाळी चहावर साड्यांचं, दागिन्यांचं बोलणं निघालं. तनुजा म्हणाली, ते सगळं तुम्हीच ठरवा, मला एकच गोष्ट पाहिजे. आणि ती ह्यांच्याकडे वळली.

"पप्पा, हळदीला माझ्याबरोबर एक गाणं नाचायचं. मी या घरातून जाताना तुम्ही जनरेटरपाशी उभे नको आहात मला."

ह्यांनी चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तिथेच विरघळलं. बघू, म्हणाले. ह्यांचं 'बघू' मला चांगलं ओळखीचं आहे. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तर हे 'बघू' म्हणत नाहीत, पाना घेऊन उठतात. 'बघू' म्हणतात ते महाबळेश्वरला. महाबळेश्वर अजून बघायचं आहे.

पण तनुजाही ह्यांचीच मुलगी. मला म्हणाली, पप्पा माणसांना बिचकतात, मशीनला नाही, तर आपण मशीनच आणू. आणि आठवडाभरात घरी एक चपटं पार्सल आलं. आत प्लास्टिकची मॅट, चौरंगाभोवती अंथरायच्या चटईएवढी, आणि तिच्यावर चार बाण. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मॅट टीव्हीला जोडायची. टीव्हीवर गाणं लागतं, खालून वर बाण सरकत येतात, आणि जो बाण येईल त्याच्यावर तालात पाय द्यायचा. पाय वेळेवर पडला तर टीव्ही शाबासकी देतो. चुकला तर तेही मोठ्या अक्षरांत सांगतो. माझ्या सासूबाई अंबूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या दिवाणावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी निकाल दिला.

"म्हंजी टीव्ही हाकणार आन् मानूस चालणार."

घरात आमच्याशिवाय कुणी नाही म्हणून हे कसेबसे उभे राहिले. दार लावून घेतलं होतं, पडदाही ओढला होता. पहिला बाण आला. ह्यांनी पाय टाकला, तशी मॅट गुळगुळीत फरशीवरून पुढे गेली आणि हे मागे बसले. दुसरा कुणी असता तर आधी कंबर चाचपली असती. ह्यांनी मॅट उलटी करून पाहिली. "ग्रिपच नाही," म्हणाले, आणि चेहऱ्यावर मला वाटतं सुटकाच होती.

तनुजा सुटका होऊ देणारी नव्हे. रविवारी आम्हा दोघांना घेऊन ती पिंपरी कॅम्पात गेली. कपड्यांच्या आणि भांड्यांच्या दुकानांमधून आत एक बोळ, तिथे खेळाचंच सामान विकणारं दुकान. गाडी चालवायच्या खेळाची स्टिअरिंगं, कानाला लावायचे हेडफोन, बंदुकांसारखे रिमोट. मालकाने विचारलं, मॅट किती वर्षांच्या बच्च्यासाठी पाहिजे. तनुजा न हसता म्हणाली, "सत्तावन्न." तो मालक धंद्यात मुरलेला. त्याने ह्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग जाडवाली घ्या, एवढंच म्हणाला.

जाडवालीच्या आत फोम होता आणि कडेला चेन. चेन उघडून दाखवा म्हणून हे अडून बसले. मग दोघांनी डोकी घालून आतले थर पाहिले. कुठला थर कुठल्या थराला टेकला की टीव्हीला कळतं, घाम गेला तर काय होतं, रोज वापरली तर आधी काय जाणार. मालकानेही हौसेने सांगितलं. बूट घालायचे नाहीत, घडी घालायची नाही, गुंडाळून ठेवायची, आणि ओल्या फडक्याने पुसायची नाही. दुकानातून निघताना हे इतके खुशीत होते की तनुजाने एकाऐवजी दोन मॅट घेतल्या तरी ह्यांच्या लक्षात आलं नाही. एक तिची, एक ह्यांची.

त्यानंतर आमचा हॉल म्हणजे ह्यांचं वर्कशॉप झालं. भोसरीहून रबरी शीट आली, कंपनीत मशीनसमोर अंथरतात तसली. प्लायवूड आलं. दोन्ही मॅट त्याच्यावर ताणून बसवल्या, वायरी कडेने क्लिपा मारून नेल्या, आणि मागच्या बाजूला धरायला पाइपचा कठडासुद्धा उभा केला, पिवळ्या-काळ्या पट्ट्या मारून. आत्याबाईंनी विचारलं, गुरं बांधायचीत का.

तयार झालं ते मात्र झकास. तनुजा तर नाचलीच, मीही नाचून पाहिलं. मी घरी पिको-फॉलची कामं करते, दिवसभर उजवा पाय मशीनच्या पेडलवर. त्यामुळे उजवा बाण आला की माझी शाबासकी ठरलेली, आणि बाकीच्या तिन्ही बाणांना मी उजवाच पाय घेऊन धावायचे. सोसायटीतल्या बायका फॉल लावायला साडी घेऊन यायच्या आणि दोन गाणी नाचून जायच्या. हे शेजारी खुर्ची टाकून बसायचे. कुठल्या बाणाला आवाज येतो, कुठे फोम दबलाय, ते ऐकायचे. कुणी घसरलं तर हात द्यायला आधी हेच उठायचे. पण स्वतः मॅटवर पाय नाही. आज वायर बदलायचीय, आज सेकंड शिफ्ट आहे, आज पोट भरलंय.

तनुजा आधी रोज विचारायची. मग एक दिवसाआड. मग विचारेनाशी झाली. ऑफिसातून आली की आपली एकटीच नाचायची, आणि शेजारी ह्यांची मॅट मोकळी. टीव्हीवर दोन माणसांचे बाण यायचे. एका बाजूचे पायाखाली जायचे, दुसऱ्या बाजूचे तसेच वर निघून जायचे. ह्यांना ते दिसत नव्हतं असं नाही. खुर्ची थोडी मागे सरकवून घ्यायचे, एवढंच.

आणि खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला दिवाळीपेक्षा जास्त झेंडू लागतो. सगळ्या कंपन्यांत मशीन धुऊनपुसून त्यांना हार घालतात. हे सकाळीच चाकणला पूजा करून, मिठाईचा बॉक्स आणि उरलेला झेंडू घेऊन घरी आले आणि घरातल्या हत्यारांच्या पूजेला बसले. गाडी झाली, ड्रिल मशीन झालं, मिक्सर झाला, माझं शिलाई मशीन झालं. माझ्या मशीनच्या डोक्यावर फूल ठेवलं, पायाच्या पेडलवर नाही. ते माझ्या नंतर लक्षात आलं. मी तेव्हा पुरणात होते.

तनुजाला त्या दिवशी सुट्टी होती. ती अंघोळ करून बाहेर आली, टीव्ही लावला आणि थांबली. ह्यांच्या मॅटवर चारही बाणांना हळद-कुंकू, अक्षता, एकेक झेंडू, आणि मधोमध नारळ. कठड्यालासुद्धा हार. तिची मॅट तेवढी तशीच कोरी.

हे हात जोडून उभे होते. "पूजा झालीय गं," म्हणाले. "आता पाय कसा द्यायचा?"

एवढ्या दुःखाने म्हणाले, की वाटावं पूजा दुसऱ्याच कुणीतरी येऊन करून गेलं. मला माणूस आतून-बाहेरून कळला आणि रागही आला आणि हसूही. पण हळद-कुंकवासमोर भांडायचं तरी काय. मला वाटलं तनुजा हसेल, टिंगल करेल. तिने टीव्ही बंद केला, रिमोट जागेवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली. वाळलेले नव्हते अजून कपडे. ह्यांनी ते पाहिलं. जोडलेले हात कुठे ठेवावेत ते ह्यांना कळेना.

आत्याबाई दिवाणावर बसून मण्यांची माळ ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"रोहिदास, आपलं खळं ध्यानात हाय का?"

"व्हय की." आईशी बोलताना ह्यांची जीभ गावाकडे वळते, कंपनीतली मराठी कुठल्या कुठे जाते.

"बी विंगचं पार्किंग हाय आता थितं. शेणानं सारवायचं, मधी मेढीचा खांब रवायचा, हळद-कुकू लावून नारळ फोडायचा. तुझा बा फोडायचा, तू खोबऱ्यासाठी टपून बसायचास. आन् मंग? मंग काय करायचं?"

हे मॅटवरचा नारळ सरळ करायला लागले.

"सांग की."

"कणसांवरनं बैल फिरवायचं," हे म्हणाले.

"पूजल्यालं हाय म्हून बैलास्नी भायेर ठिवलं असतं तर काय खाल्लं असतंस तू?"

बाल्कनीत घड्या घालण्याचा आवाज थांबला होता. मी झारा हातात धरून दारात. आत्याबाईंनी मणी ओवला. हे कुणाकडेच न बघता म्हणाले,

"तसं ट्रायल घ्यायलाच पाहिजे म्हणा. काम झाल्यावर ट्रायल न घेता आम्ही मशीन कुणाच्या ताब्यात देत नाही."

तुम्ही ट्रायल घ्याच, मी म्हटलं.

ह्यांनी नारळ उचलला, फुलं ताटात गोळा केली, कोरड्या फडक्याने हळद-कुंकू पुसून घेतलं. ओलं फडकं नाही, दुकानदाराचं ध्यानात होतं. सकाळी कंपनीच्या गेटातून शिरताना करतात तसं मॅटला हात लावून कपाळाला लावला. पायमोजे काढले. आणि दोन्ही हातांनी मागचा कठडा घट्ट धरून बाणांच्या मधोमध उभे राहिले. तनुजा बाल्कनीतून आली, आपल्या मॅटवर उभी राहिली आणि टीव्ही लावला.

काय सांगू. टीव्हीने ह्यांची लाज काढायची बाकी ठेवली नाही. डावा बाण आला की हे उजवीकडे, आणि मागचा आला की कठड्यावर आदळायचे. पण दुसऱ्या गाण्याला एक हात सुटला. तनुजा समोर बघतच म्हणाली, "पप्पा, सुटला हात." "गप, माहितीय मला," हे म्हणाले. मी पुरण लागू दिलं त्या दिवशी, आणि कुणी काही बोललं नाही.

ती ट्रायल पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत चालली. शिफ्टवरून आले की चहा, मग ट्रायल. आत्याबाई दिवाणावरून बघायच्या. त्यांच्या मालिकेची वेळ त्यात जायची, पण कुरकुर केली नाही.

हळद आमच्याच सोसायटीमागच्या लॉनवर होती. मंडप, डीजे, कडेला जनरेटरची गाडी. पोरीचं अंग पिवळं झालेलं, ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिच्या हातांचे ठसे. गाणं लावलं आणि तनुजाने ह्यांना हात धरून मधे नेलं. लोकांनी गोल केला. सगळ्या मोशीला खबर होती, रोहिदास नाचणार म्हणून.

आणि हे उभेच राहिले. मला क्षणात कळलं काय झालं ते. समोर टीव्ही नव्हता. पायाखाली बाण नव्हते, नुसतं गवत. इतके दिवस पाय शिकले, पण डोळ्यांना कुठे बघायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. ह्यांची नजर लोकांवरून फिरली आणि हळूच जनरेटरकडे गेली. तनुजालाही ती दिसली. तिने ह्यांचा हात सोडला नाही, पण तिचा चेहरा बाल्कनीत गेली होती त्या दिवसासारखा व्हायला लागला.

पुढच्या रांगेत, गोलाच्या तोंडाशीच, खुर्चीवर आत्याबाई बसल्या होत्या, खांद्यावर शाल. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि पुढे केला.

ह्यांनी पाहिलं. पाय पुढे पडला.

मग डावीकडे. मग मागे. परत पुढे, उजवीकडे. दिवाणावर बसून बसून बाईंनी सगळं पाठ केलं होतं. डीजेच्या गाण्याशी त्यांच्या हाताचा फारसा संबंध नव्हता, पण ह्यांचा फक्त त्या हाताशीच होता. डोळे आईवर खिळलेले, हात मागे, कठडा धरल्यासारखे, आणि पाय चार दिशांना. तनुजाने आपला नाच सोडून दिला. ती ह्यांच्या शेजारी, एका मॅटचं अंतर ठेवून उभी राहिली आणि आजीच्या हातावर तशीच नाचायला लागली, रडत आणि हसत. गणराजला राहवेना, त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, आई, हा तुमच्या मोशीचा पारंपरिक नाच का. मी हो म्हटलं. आता काय सांगत बसू.

तेवढ्यात डीजे बंद पडला. खाटकन सगळं शांत, दिवे गेले ते वेगळंच, संध्याकाळचा उजेड होता तेवढा राहिला. जनरेटरपाशी कुणीतरी दोरी ओढून पाहिली, नुसता धूर निघाला. लोकांच्या माना सवयीने ह्यांच्याकडे वळल्या. "रोहिदासभाऊ, बघता का जरा?" मागून हाक आली.

हे वळले नाहीत. आईच्या हातावरची नजर काढली नाही.

"बघू," म्हणाले.

आणि आत्याबाईंनी उजवीकडे हात केला.