साळुबाईंच्या बापाची चकती

मित्रांनो, पिंपळवंडीकडच्या द्राक्षबागांतून कधी गेलात, तर मांडवाच्या तारांना सुतळीने बांधलेल्या, वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या चकत्या तुम्हाला दिसतील. उन्हात त्या चमकतात आणि पाखरं बिचकतात, असा शेतकऱ्यांचा समज आहे. मी तशीच एक जुनी चकती आहे. पण तारेवर टांगली जाण्याआधी माझं एक बरं आयुष्य होतं, आणि माझ्या पोटात एक माणूस होता. त्याला मी घरापर्यंत आणलं, पण त्याच्या लेकीला दाखवू शकले नाही. तेवढीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला. तिथे पन्नासेक वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धावरचा एक इटालियन सिनेमा निघाला होता. निघाला तेव्हा त्याच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. लढाई कमी आणि चिखलच जास्त, अशी लोकांची तक्रार होती. पुढे मात्र जगभर विखुरलेल्या काही वेड्यांना तो आवडू लागला. वेडे थोडे होते, पण पक्के होते. त्यांच्यासाठी एका लहानशा कंपनीने तो सिनेमा धुऊनपुसून स्वच्छ केला आणि जाड पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात घालून मोजक्याच प्रती काढल्या. खोक्यात आम्ही दोघी बहिणी होतो. थोरलीवर अख्खा सिनेमा, माझ्यावर उरलंसुरलं. मुलाखती, फोटो, आणि दिग्दर्शकाने कुठून कुठून जमवून शेवटी कापून टाकलेली खऱ्या लढाईची जुनी दृश्यं. उरलंसुरलं असलं तरी माझा तोरा काही कमी नव्हता. माझं जातकुळीचं नाव ब्लू-रे. आपल्याकडे मात्र गोल आणि चमकणारं ते सगळं सीडीच, हे मला इथे आल्यावर कळलं.

मला मागवलं नारायणगावच्या पारसने. बाजारपेठेत त्याचं भांड्यांचं दुकान आहे. त्याचे पणजोबा मारवाडातून आले, आणि आता त्या घरात भांडणंसुद्धा मराठीतून होतात. पारस दिवसभर तांबे-पातेली विकायचा आणि गिऱ्हाइकाने सांगितलं की मशीनच्या सुईने भांड्यावर नाव घालून द्यायचा. दुकान बंद झालं की त्याचे सिनेमे सुरू व्हायचे. घरचे म्हणत, "अरे, मोबाइलवर फुकट दिसतं सगळं, तू ही खोकी कशाला भरतोस घरात?" तो हसायचा, साबणाने हात धुवायचा आणि मला फक्त कडेला धरून उचलायचा. मित्रांनो, इतक्या मानाने मला पुन्हा कुणीच धरलं नाही.

एका संध्याकाळी त्याने मला प्लेअरमध्ये घातलं. ती जुनी दृश्यं सुरू झाली. पडका पूल, खाली नदी, नदीवर अंघोळ करणारे आपल्याकडचे शिपाई. त्यातला एक जण बादली उचलून एका इटालियन पोराच्या डोक्यावर पाणी ओततो. एवढंच. दहा वेळा श्वास घ्याल तोवर संपतं. पण पारस एकदम उठून उभा राहिला. त्याने ते दृश्य मागे नेलं, थांबवलं आणि टीव्हीला नाक लावून बघत राहिला. त्या शिपायाच्या हातावर मारुती गोंदलेला होता, आणि मारुतीची शेपटी कोपराला वळसा घालून मागे गेली होती.

"अगं, हा साळुआजींचा बाप!" तो बायकोला ओरडून म्हणाला.

त्याचं असं झालं होतं. पिंपळवंडीच्या साळुबाई काही महिन्यांपूर्वी दुकानात आल्या होत्या. मारुतीच्या देवळाला त्यांना वडिलांच्या नावाने घागर द्यायची होती. पारस त्यावर 'कै. भिका सावळेराम यांच्या स्मरणार्थ' असं घालत असताना त्या स्टुलावर बसून बोलत राहिल्या. आई पोटुशी असतानाच बाप मोठ्या लढाईवर गेला, तो इटलीतच कामी आला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. ऐंशी ओलांडलेल्या साळुबाईंना बापाचं नाव ठाऊक होतं, तोंड ठाऊक नव्हतं. खूण म्हणून आईने एकच गोष्ट सांगून ठेवली होती. जत्रेत गोंदून घेताना मारुती मोठा झाला आणि शेपटीला जागा उरली नाही, म्हणून गोंदणाऱ्याने ती कोपरावरून मागे वळवली. "आई म्हनायची, असला मारुती साऱ्या मुलखात दुसरा न्हाई," असं सांगून त्या खूप हसल्या होत्या.

पारस दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "आजी, चला माझ्या घरी. तुमचे वडील दाखवतो."

साळुबाईंनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुज्या घरी नगं, बाळा. त्यो या घरातनं गेलाय. आला तर या घरीच आला पायजे. माज्या आईच्या फोटूम्होरं बघीन मी त्याला."

त्यांना घाई होती, आणि तरीही त्या असं म्हणाल्या. काचबिंदू झाला होता त्यांना. मंचरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येणार नाही. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याने त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं.

मग पारस मला आणि प्लेअरला गाडीवर घालून त्यांच्याकडे घेऊन आला. साळुबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. फोटोला हार घातला होता. मुलगा आणि सून बागेत होते. आणि नेमका त्या दिवशी प्लेअरने दगा दिला. गाडीवरच्या धक्क्यांनी म्हणा किंवा माझ्या नशिबाने म्हणा, तो मला आत घेईचना. पारस घामाघूम झाला. पुण्याला दुरुस्तीला टाकतो म्हणाला आणि आमचं खोकंही उचलू लागला.

साळुबाईंनी त्याचा हात धरला. "ते ठिव. घरी आल्याला मानूस परत धाडत नसत्यात."

पारसने मला ठेवलं. देव्हाऱ्यात देव ठेवावा तसं साळुबाईंनी आम्हाला लोखंडी कपाटात, घडीच्या लुगड्यांवर ठेवलं. रोज सकाळी त्या कपाट उघडायच्या, खोक्यावरून हात फिरवायच्या आणि कपाट लावायच्या. एकदा मुलाने, दादाभाऊने, विचारलं, "आये, काय बगती गं रोज?" तर म्हणाल्या, "माजा बाप हाय त्यात." दादाभाऊ हसला. म्हातारपण आहे, चालायचंच, असं त्याला वाटलं असेल. त्याचं सगळं लक्ष बागेत होतं. मणी फुगले होते, त्यात साखर उतरत होती, आणि पाखरांच्या झुंडी उतरायला लागल्या होत्या.

इकडे प्लेअरचा सुटा भाग पुण्यात मिळेना. पारस फोनवर फोन करत राहिला. पौषात साळुबाईंचा दुसरा डोळा दुखायला लागला आणि मंचरला दिलेली लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. त्याच आठवड्यात दादाभाऊ बायकोला म्हणाला, "अश्विनी, घरातल्या जुन्या सीड्या काड सगळ्या. बाग खाऊन टाकली पाखरांनी." अश्विनीने लग्नाची सीडी काढली, भजनाच्या काढल्या, आणि सासूच्या कपाटातलं खोकं हातात घेऊन म्हणाली, "ही इंग्रजी पिक्चरची दिसती. आत्यांची न्हाई. त्या पारसशेटची असंल का?"

"त्याच्याकडं हजार असतील," दादाभाऊ म्हणाला. "बगायला कुनाकडं मशीन हाय का आता? लई चमकती, दे इकडं."

मित्रांनो, यात कुणाचं पाप होतं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे सीडीचं शेवटचं काम तेच असतं. माझ्या भोकातून सुतळी ओवली आणि मला मांडवाच्या तारेला बांधलं. थोरलीला दुसऱ्या ओळीत बांधलं. ती एका वावटळीत तुटून पडली आणि ट्रॅक्टरखाली गेली.

मी फिरत राहिले. दिवसभर ऊन, पहाटे दव, मधूनच फवारणी. बोर्डो औषधाची निळसर पूड माझ्यावर थापली आणि वाळली. वेलीच्या काड्या घासून घासून माझ्या अंगावर चरे पडले. प्रत्येक चऱ्याबरोबर काहीतरी जात होतं. आधी मुलाखती गेल्या, मग फोटो गेले. मी पूल आणि नदी जिवाच्या आकांताने धरून होते, पण चकतीच्या धरण्याला काय अर्थ आहे? आणि ज्या कामाला मला लावलं होतं, तेही मला जमलं नाही. पहिले काही दिवस पाखरं बिचकली. मग त्यांना कळलं की ही नुसतीच फिरते, करत काही नाही. एक साळुंकी तर माझ्याच तारेवर बसून घड फोडायची.

द्राक्षं उतरली, बाग मोकळी झाली. चैत्रात पारस दुरुस्त झालेला प्लेअर घेऊन आला. साळुबाई मंचरहून परतल्या होत्या, पण आता त्यांना अश्विनी हाताला धरून बाहेर आणत होती. दुसरा डोळाही गेला होता. तरी त्या म्हणाल्या, "लाव बाळा. मी बसते म्होरं. त्याला तरी मी दिसंल."

अश्विनीने कपाट उघडलं. लुगड्यांवर काहीच नव्हतं. तिने दादाभाऊकडे पाहिलं, आणि दादाभाऊचं तोंड पांढरं पडलं. तो तसाच अनवाणी बागेत पळत आला. हाताला लागतील त्या चकत्या उलटसुलट बघत, स्वतःशीच पुटपुटत त्याने मला शोधलं आणि दातांनी सुतळी तोडली. पारसने मला हातात घेतलं. या वेळी कडेला धरायचं त्याला भान राहिलं नाही. त्याने मला रुमालाने पुसलं, प्लेअरमध्ये घातलं, आणि मी फिरले. मित्रांनो, मी जीव तोडून फिरले. टीव्हीवर नुसता निळा पडदा आला आणि त्यावर 'ही डिस्क वाचता येत नाही' एवढं इंग्रजीत उमटलं.

"लागला का रं पिक्चर?" साळुबाईंनी विचारलं. त्या आईच्या फोटोखाली, तेच ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या.

पारसने दादाभाऊकडे पाहिलं. दादाभाऊने आवाज न करता त्याच्यापुढे हात जोडले.

"लागला, आजी," पारस म्हणाला.

"आवाज न्हाई त्याला?"

"मुका आहे. त्या काळातला." हे मात्र खरं होतं.

मग निळ्या पडद्याकडे बघत पारस सांगत गेला. पूल पडलाय, आजी. खाली नदी आहे. आपली माणसं अंघोळ करतायत. हा बघा, आता तुमच्या वडिलांनी बादली उचलली. पोराच्या डोक्यावर पाणी ओततायत. शेपटी दिसतेय, कोपरावरून मागे गेलेली. साळुबाई शेपटीचं ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, "आनि तोंड? तोंड कसं हाय?"

पारस थांबला. ते दृश्य त्याने किती तरी वेळा पाहिलं होतं, मागेपुढे करून, थांबवून थांबवून. पण दर वेळी त्याने हातच पाहिला होता. तोंडाकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"तुमच्यासारखंच आहे, आजी," तो शेवटी म्हणाला.

"माजं तोंड मलाच कुटं ध्यानात ऱ्हायलंय आता," साळुबाई म्हणाल्या.

 मग त्यांनी हात पसरला. "दे बरं ती चकती. एकदा हातात धरू दे."

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पारसने मला काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचं सगळं आयुष्य मळ्यात गेलं होतं. त्यांची बोटं माझ्या चऱ्यांवरून फिरली आणि मधल्या भोकाशी आली. तिथे सुतळीचा एक तंतू अडकून राहिला होता. त्यांनी तो चिमटीत धरला. कडेची पूड बोटाने खरवडली आणि नाकाशी नेली. 

"दादा," त्या म्हणाल्या, "औंदा पाखरं कमी व्हती का रं?"

दादाभाऊ भिंतीला टेकून उभा होता. 

"कमी व्हती, आये," तो म्हणाला.

"मंग झालं," साळुबाई म्हणाल्या आणि मला पदरात गुंडाळून आत गेल्या.

आता मी त्यांच्या उशाखाली असते. पारसने दुसरं खोकं शोधायचा खूप प्रयत्न केला. पण ज्यांच्याकडे ते असतं ते देत नाहीत, आणि मिळालं तरी आता बघणार कोण? कधी कधी तो म्हणतो की तेवढं मोबाइलवर शूट करून ठेवलं असतं तर. पडद्यावरून अशी चोरटी नक्कल करायला त्या वेळी त्याचं मन धजलं नव्हतं.

भिकाचं तोंड मी पाहिलं आहे. त्याला नुकती मिसरूड फुटली होती. पोराने त्याच्यावर उलटं पाणी उडवलं, तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले आणि पुढचा तुटका दात दाखवत तो हसला. हे मला सांगता येत नाही. रात्री झोपेत साळुबाईंचा हात उशाखाली येतो, मला चाचपतो, आणि मी गप्प पडून असते.

मित्रांनो, माझं म्हणून एकच मागणं आहे. एखादी जुनी वस्तू बागेत टांगायला, भंगारात द्यायला हातात घ्याल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी हाक मारा आणि विचारा, यात कोण आहे? ते सांगतील ते ऐकून हसू नका. माझ्यासाठी नका विचारू, मी आता कशाच्याच कामाची उरले नाही. पण तुमच्याकडच्या म्हातारीची नजर कदाचित अजून शाबूत असेल.