तिसऱ्यांदा अ‍ॅनाटॉमी

“पण हा विषय मी पास झालेय! एकदा नाही, दोनदा!” मार्लिस कॉलेजच्या खिडकीपलीकडच्या क्लार्कला म्हणाली.

“दिसतंय मला,” क्लार्क म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “पण पहिल्यांदा केलात ते कॉलेज दुसऱ्या राज्यातलं. तिथली क्रेडिट आमच्याकडे बसत नाहीत. आणि दुसऱ्यांदा केलात त्याला झाली सहा वर्षं. विज्ञानाचे विषय पाच वर्षांनी शिळे होतात.”

“शिळे? सहा वर्षांत माणसाच्या अंगात एखादं नवीन हाड निघालंय का?”

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. क्लार्कही हसला. पण हसून काही नियम बदलत नाहीत. तो म्हणाला, “इंग्रजी, मानसशास्त्र, आहारशास्त्र, सगळं धरलंय आम्ही. फक्त अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी परत करा. दोन सत्रांचा तर प्रश्न आहे.”

दोन सत्रांचा तर प्रश्न! मार्लिसने मनातल्या मनात हिशेब मांडला. नर्सिंगची तुकडी वर्षातून एकदाच भरते, जानेवारीत. दोन सत्रं पुरी होईपर्यंत ही जानेवारी गेलेली असणार. म्हणजे आणखी एक वर्ष पाण्यात.

मार्लिस कांगास आमच्या रेडपाइनची. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातलं हे गाव. इथे खाण चालली की घर चालतं, खाण बंद पडली की बायकामुलं गाडीत घालून माणसं काम शोधत फिरतात. मार्लिसचा नवरा रॉय खाणीतला. खाणीला पहिल्यांदा टाळं लागलं तेव्हा तो तेलाच्या विहिरींवर नॉर्थ डकोटाला गेला. तिथे मार्लिसने नर्स व्हायचं म्हणून कॉलेजात नाव घातलं. खाण उघडली, दोघं परत आली, आणि इथल्या कॉलेजने तिकडचा अभ्यास धरला नाही. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा सुरुवात केली. पुढे रॉयच्या पाठीवर यंत्र आदळलं, तो अंथरुणाला खिळला, आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून मार्लिसने सहायक नर्सचा परवाना काढला. तेव्हापासून ती गावातल्या वृद्धाश्रमात होती. ते दुसरं कॉलेजही मध्यंतरी मोडलं. आता उरलं होतं ते हे तिसरं, तासाभराच्या अंतरावरचं.

आणि या वेळी तिला नर्स व्हायचं होतं ते एकटीसाठी नव्हे. वृद्धाश्रमात पूर्ण शिकलेली, नोंदणी असलेली नर्स हवीच, असा कायदा आहे. आमची होती ती निवृत्त झाली, आणि थंडीच्या या मुलखात नवीन कुणी यायला तयार नव्हतं. व्यवस्थापक भाड्याची नर्स आणून गाडा ओढत होता. “फार तर एक हिवाळा,” तो म्हणायचा. “पुढे एकेका म्हाताऱ्याला दूर डुलुथ शहरातल्या आश्रमात पाठवावं लागेल.”

डुलुथचं नाव निघालं की इंपीआजी कप बशीत आपटायच्या. नव्वदीतली फिनिश बाई, या पट्ट्यातल्या सगळ्या फिनिश लोकांसारखी कॉफीवर जगणारी, गावातल्या निम्म्या पोरांना शाळेच्या स्वयंपाकघरात वाढून मोठं केलेली. “तिथे म्हणे खिडकीतून तळं दिसतं! मला काय करायचंय तळं? मला ओळखीची तोंडं दिसू देत. आणि तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. पोरी, तू लवकर शीक बाई.”

“शिकतेय हो, आजी,” मार्लिस म्हणायची. “तेच तर करतेय इतकी वर्षं.”

त्या दिवशी तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा रॉय म्हणाला, “एकच सिनेमा किती वेळा बघणार आहेस? शेवट तरी बदलतो का?”

“तिकीट बदलतं,” ती म्हणाली. दोघंही हसली. मग ती भांडी घासायला उभी राहिली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. कुणाशी भांडायचं? कुणी वाईट वागलंच नव्हतं. प्रत्येकजण सौजन्याने तिला पहिल्या पायरीवर नेऊन सोडत होता. हा चक्रव्यूह रचणारा समोर असता तर चार शब्द सुनावता आले असते.

पहिल्या तासाला ती मागच्या बाकावर जाऊन बसली. भोवती बरीचशी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. दार उघडलं आणि लुंडीन सर आत आले.

होय, तिचे जुनेच लुंडीन सर! मोडलेल्या कॉलेजात सहा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला अ‍ॅनाटॉमी शिकवली होती. तेच पुस्तक, तोच तपकिरी कोट, त्याच कोटावर खडूचे तेच डाग. हजेरी घेता घेता ते थबकले.

“मार्लिस कांगास? तू इथे कशी? मला मदतनीस म्हणून पाठवलंय की काय?”

“नाही सर. मला अ‍ॅनाटॉमी येत नाही म्हणे.”

“माझ्या वर्गात पहिली आली होतीस तू!”

“ते शिळं झालं, सर.”

वर्ग हसला. सरही हसले, पण पुढची दोन नावं त्यांनी चुकीची वाचली. तास संपल्यावर ते तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “नियम आहे गं. मी तरी काय करणार?” मार्लिसने मान हलवली. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं.

दिवस मग एकाला एक चिकटत गेले. पहाटे वृद्धाश्रम, दुपारी गाडी, वर्ग, परत गाडी. ऑक्टोबरातच बर्फ सुरू झाला. काचेवर हलणाऱ्या वायपरकडे बघताना तिला वाटायचं, हा वायपर आणि मी सारखेच. जागच्या जागी धावतोय आणि पुढे कुठेच जात नाही. कधीकधी तर तिला वाटायचं, आपल्यातच काही खोट असेल. नाहीतर इतकी माणसं पुढे निघून गेली, मग आपणच का अडकलो? माणूस फार काळ अडकला की आधी भिंतीला शिव्या देतो आणि मग स्वतःला.

मूत्रपिंडांचा धडा आला त्या दिवसाची गोष्ट. लुंडीन सरांचा या धड्याला एक ठरलेला विनोद होता.

“देवाने माणसाला मूत्रपिंडं दोन का दिली?” सरांनी विचारलं. “एक सगळ्या जगासाठी, आणि दुसरं…”

त्यांचं लक्ष मागच्या बाकाकडे गेलं. मार्लिसचे ओठ हलत होते. हसण्यासाठी नव्हे. तिला कळतही नव्हतं. डोळे खिडकीबाहेर, आणि ओठ सरांच्या बरोबरीने, सरांच्याच शब्दांत पुटपुटत होते: दुसरं फिनिश लोकांच्या कॉफीसाठी.

सरांचा विनोद तिथेच थांबला. पोरं वाट बघत राहिली. सरांनी खडू ठेवला, कोटाची बटणं उगाच लावली-काढली आणि म्हणाले, “आज इतकंच.”

गाड्या लावायच्या जागेत त्यांनी तिला गाठलं. बर्फ भुरभुरत होता, सरांच्या डोक्यावर टोपीही नव्हती.

“चल, व्हर्नाकडे जाऊ.”

व्हर्ना हाउटाला नर्सिंग विभागाची प्रमुख. तिचं नाव काढलं की पोरी सरळ बसायच्या.

“नको सर!” मार्लिस घाबरली. “त्या चिडल्या तर जानेवारी सोडाच, कधीच जागा मिळायची नाही. होईल माझं. अजून थोडेच महिने. सवय आहे मला.”

“तीच तर वाईट गोष्ट आहे!” सर ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, मी सांगतो ते ऐक आणि मग मला काय हवं ते म्हण. माझ्या वर्गात निम्मी माणसं तुझ्यासारखी आहेत, पुन्हा बसलेली. ती आहेत म्हणून माझ्या दोन तुकड्या भरतात. दोन तुकड्या भरतात म्हणून मला इथे ठेवलंय. म्हणून मी गप्प बसतो आणि विनोद सांगतो. आज तुझे ओठ बघितले आणि मला माझी लाज वाटली.”

व्हर्नाबाई टेबलामागे ताठ बसलेल्या होत्या. सरांचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “हॅरल्ड, हा हट्ट नाहीये. नर्सचं ज्ञान गंजलेलं असेल तर माणूस मरतो. उद्या हिच्या हातून चूक झाली तर तिथे तू उभा राहणार आहेस का?”

“बरोबर आहे तुझं,” सर म्हणाले. “मग तपास ना! परीक्षा घे तिची. गंज असेल तर दिसेल. तू तपासत नाहीस व्हर्ना, तू फक्त परत पाठवतेस.”

“सगळ्यांनाच परत करावं लागतं. मला नाही करावं लागलं? दहा वर्षं वॉर्डात काढून पदवीला आले, तर म्हणे पहिल्यापासून सुरू करा. माझी लेक कॅरन चार वर्षांची होती. बर्फात गाडी हाकत जायचे मी. मला कुणी सूट दिली? कुणी विचारलं तरी?”

“नाही विचारलं. मी आज विचारतो. दुसऱ्यांदा शिकताना नवीन काय शिकलीस तू?”

व्हर्नाबाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

“राग गिळायला,” त्या म्हणाल्या.

“आणि तो राग आता या पोरीकडून वसूल करतेस!”

“बाहेर व्हा!” व्हर्नाबाई उभ्या राहिल्या. “दोघंही!”

उरलंसुरलं दारही आपल्या हाताने बंद केलं, असंच परतताना मार्लिसला वाटलं. त्याच आठवड्यात वृद्धाश्रमातही वाईट बातमी आली. भाड्याच्या नर्सने येणं कमी केलं होतं. ज्यांना सतत उपचार लागतात त्या म्हाताऱ्यांचा वरचा मजला बंद होणार होता. इंपीआजींचं नाव त्यातच होतं. मार्लिसने त्यांची पेटी भरली, कॉफीची आवडती किटली कपड्यांत गुंडाळून दिली. गाडीत बसताना आजी एवढंच म्हणाल्या, “तू रडू नकोस. उशीर झाला तो तू नाही केलास.”

त्यानंतर चार दिवसांनी व्हर्नाबाई वृद्धाश्रमात आल्या. त्यांच्या विद्यार्थिनींची कामाची पाळी तिथे असायची, पण त्या दिवशी विद्यार्थिनी नव्हत्या. त्या भोजनगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी मार्लिसला बोलावून घेतलं. मार्लिस उभीच राहिली.

“बस. मी काल कॅरनला फोन केला. तिला विचारलं, मी कॉलेजात जायचे तेव्हाचं तुला काय आठवतं? वाटलं होतं, म्हणेल आई किती कष्ट करायची. ती म्हणाली, काही नाही आठवत. तू नव्हतीसच. जे मी दुसऱ्यांदा शिकले ते मला आधीच येत होतं, मार्लिस. त्यासाठी मी लेकीचं बालपण दिलं. आणि ते फुकट गेलं असं म्हणवत नव्हतं मला. म्हणून म्हणत राहिले, की त्यानेच मी घडले. तेच सगळ्यांनी करावं.”

मार्लिसने कॉफी ओतली.

“कॉलेजच्या समितीपुढे मी ठराव ठेवलाय,” बाई म्हणाल्या. “ज्याचं जुनं क्रेडिट आहे आणि जो या कामात आहे, त्याने परीक्षा द्यावी. पास झाला तर पुढे जावं. पण एक सांगून ठेवते, पेपर मी काढणार. सोपा नसेल.”

“सोपा काढू नका, बाई,” मार्लिस म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला काय येतं ते विचारणार होतं!

समितीत ठराव सहज झाला नाही. कुणी म्हणालं, तुकड्या रिकाम्या पडतील. कुणी म्हणालं, आजवर चाललंय ते काय वाईट आहे? व्हर्नाबाई आपल्याच जुन्या वाक्यांना उत्तरं देत राहिल्या, आणि ती उत्तरं त्यांच्याइतकी चांगली कुणालाच ठाऊक नव्हती. नाताळाच्या आधी परीक्षा झाली. पेपर खरोखरच कठीण होता. बसलेल्यांपैकी काही नापास झाले, त्यांनी विषय पुन्हा केला, आणि तेही बरोबरच झालं. मार्लिस पास झाली. जानेवारीत ती नर्सिंगच्या वर्गात जाऊन बसली.

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं वाटलं असतं. पण त्या वसंतात इंपीआजी तिकडे डुलुथलाच वारल्या. मार्लिसला त्यांना भेटायला जायचं होतं, पण त्या आठवड्यात तिची कामाची पाळी होती. लुंडीन सरांची एक तुकडी कमी झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. कुणी हळहळ व्यक्त केली तर ते म्हणायचे, “विनोद संपले होते माझे.” मार्लिस नर्स झाली, वृद्धाश्रमाचा खालचा मजला वाचला. वरच्या मजल्याचे दिवे अजून बंदच आहेत. ती नॉर्थ डकोटाहून परतली तेव्हाच कुणी तिला एवढंच विचारलं असतं, “तुला काय येतं?”, तर ते बंद झाले नसते.

मंडळी, आपण सगळेच कुठे ना कुठे खुर्चीवर बसलेलो असतो. कुणी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी नुसतं घरात वडीलधारे म्हणून. समोर कुणी येऊन उभं राहिलं की आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं, “आम्ही सोसलं, तुम्हाला काय धाड भरलीय?” सोसलेलं पुढच्याच्या पानात वाढायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे. नियम जरूर असावा. परीक्षाही असावी, आणि ती कडक असावी. पण शिकलेल्याला पुन्हा अडाणी ठरवून पहिल्या पायरीवर बसवू नये, कारण जी वर्षं आपण त्याच्याकडून काढून घेतो ती त्याच्या एकट्याची नसतात. त्यात कुणाचं बालपण असतं, कुणाचं म्हातारपण असतं. ती आपल्याला परत देता येत नाहीत!