अप्पारावाच्या जीपचं तापणं

"मीठ टाकलंस तू पान्यात! खरं बोल!"

अप्पाराव नाल्याच्या चढावर उभा राहून ओरडत होता. त्याच्या मागं जीप उभी होती आणि तिच्या नाकातून वाफ निघत होती. समोर कडुबा सायकल धरून उभा होता. त्याची दुपारची पाळी होती चिकलठाण्याच्या कंपनीत, आणि भोंगा व्हायला तासभरही उरला नव्हता.

"मीठ कशाला टाकीन अप्पा? मीठ काय फुकट मिळतं?"

"मग हितंच का तापती? तुझ्या घराम्होरंच?"

"माझ्या घराम्होरं चढ हाय म्हनून."

अप्पारावाला हे उत्तर आवडलं नाही. त्याला सरळ उत्तर कधीच आवडत नसे.

मी शेळ्यामेंढ्यांची औषधं घ्यायला गावात आलो होतो, म्हणून हे सगळं मला ऐकायला मिळालं. नाहीतर माझा मुक्काम गावात नसतोच. जालना रोडला आमच्या गावचा रस्ता जिथं मिळतो, तिथं अप्पारावाचं मुरमाचं पडीक आहे. त्यात माझा मेंढरांचा वाडा. जागा त्याची, लेंडी त्याच्या शेताला, असा आमचा व्यवहार. चिकलठाण्याच्या कंपन्या वाढत वाढत आमच्याकडं सरकत होत्या. आज ना उद्या तिथं प्लॉट पडायचेच होते.

अप्पारावानं दोन एकर विकून ही जुनी जीप घेतली होती. तेव्हा विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटलेला. अप्पाराव गावच्या विरोधी समितीचा अध्यक्ष झाला. विद्यापीठ आमच्यापासून सात कोस. अप्पाराव तिथं कधी गेला नव्हता आणि त्याचा थोरला दहावीलाच तिसऱ्यांदा बसला होता. पण अध्यक्ष व्हायला एवढं पुरतं. त्यानं चार फूट रुंद पत्र्याचा बोर्ड करून घेतला आणि जीपच्या तोंडावर तारेनं आवळला. 'विद्यापीठाचं नाव बदलू देणार नाही' हे बारीक अक्षरात. 'अध्यक्ष अप्पाराव' हे मोठ्या अक्षरात.

बोर्ड लागला आणि आठ-दहा दिवसांत जीप तापायला लागली. आता वाटेल की एवढं तर कुणालाही कळेल. पण कळलं नाही. का कळलं नाही, तेच सांगतो.

जीप गावातून निघायची ती नाल्याच्या चढावर उकळायची. तिथं बौद्धवाडा. गाव त्या वाड्याला अजून जुन्याच नावानं हाक मारायचं. ड्रायव्हर बन्सी खाली उतरायचा आणि कडुबाच्या दारातून घागरभर पाणी आणून गाडीत ओतायचा. ज्या घागरीला अप्पारावानं जन्मात बोट लावलं नसतं, तिचं पाणी त्याची जीप दोन महिने पीत होती. जीपला कुणी बाटली म्हणालं नाही.

मग गाडी शहरात मिस्त्रीकडं न्यायची. मिस्त्री गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बसायचा. त्यानं रेडिएटर धुतला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप बदलला. गाडी शहरभर फिरवून पाहिली, तर गाडी थंड. तो बन्सीला म्हणाला, "मियाँ, गाडी में कुछ भी नै. तुमारे गाँव में कुछ है. उसका इलाज मेरे पास नै."

बन्सीनं हे गावात येऊन सांगितलं आणि सगळं बिघडलं. गावात काहीतरी आहे. मग काय आहे? कुणी म्हणालं चिंचेखालची बाई आहे. लिंबू उतरवलं. नारळ फोडला. बिरोबाला बोकड बोलला, तो बोकडही माझ्याच वाड्यातून नेला. गाडी तापायची थांबली नाही. मग अप्पारावाच्या डोक्यात कडुबा आला. तसा तो डोक्यात होताच. फक्त निमित्त नव्हतं. कडुबा कंपनीत फिटरच्या हाताखाली होता, पँट घालायचा, आणि नामांतराच्या मोर्चाला एकदा शहरात गेला होता.

"उद्या दिवस मावळायच्या आत घर खाली कर," अप्पाराव चढावरून म्हणाला. "नायतर पोलिसात देतो. आनि गावची पोरं काय करतील त्येची हमी माझी नाय."

 त्या पावसाळ्यात मराठवाड्यात कुठं कुठं घरं जळली होती, हे कडुबाला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. चढावर दहा-पंधरा माणसं उभी होती, त्यात मी एक. कुणी बोललं नाही. मीही नाही.

माझ्या मेंढरांच्या वाड्यावर परत आलो. कार्तिकात माझी बायको बाना गेली होती. तिचा ताप वाढला तेव्हा जीप मागायला मी अप्पारावाकडं गेलो होतो, तर जीप सभेला गेलेली. शेवटी कडुबानं तिला सायकलच्या मागं बसवून चिकलठाण्याला मोटारीच्या थांब्यापर्यंत नेलं. तीन कोस. ती त्याच्या पाठीला धरून बसली होती आणि तशातही म्हणत होती, "बघा, माझी वरात निघाली, नवरा मागून पायी येतोय." ती दवाखान्यात नऊ दिवस राहिली. ती गेल्यावर माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही. असती तर त्या दिवशी म्हणाली असती, की तुमच्यापेक्षा मेंढरू बरं, निदान बें तरी करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. इथं तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अप्पाराव शहरात शिरण्याआधी रोज माझ्या वाड्याशी थांबायचा आणि बोर्ड उतरवून माझ्याकडं ठेवायचा. शहरात तो बोर्ड दिसला असता तर पोरांनी काच ठेवली नसती. जीपच्या आत तो आडवा मावत नसे, आणि उभा ठेवला तर मागून वाचता येई. शिवाय कंपनीचा जो साहेब त्याला मुरूम टाकायचं काम देणार होता, तो नामांतराच्या बाजूचा होता. "शेहरात मानसानं मानसावानी ऱ्हावं, केरबा," अप्पाराव मला सांगायचा. "राजकारन गावाकडं." संध्याकाळी परत जाताना बोर्ड पुन्हा तोंडावर. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी विचारल्याशिवाय बोलत नाही.

बन्सीनं तार सोडली आणि बोर्ड माझ्या हातात दिला. आतली बाजू तव्यासारखी तापलेली. हात पोळला. बाहेरची बाजू मात्र गार. जीप निघून गेली.

पौषाचे दिवस, वारं बोचरं. चार कोकरं नुकतीच झालेली. मी रोजच्यासारखा बोर्ड वाड्याच्या तोंडाला लावला. दोन महिने हेच करत होतो. चार फुटांचा पत्रा, वाऱ्याचा कणही आत येत नाही. कोकरं आत ऊब धरून झोपायची. अध्यक्ष अप्पाराव असं नाव त्यांच्याकडं तोंड करून उभं असायचं.

मी तिथंच बसलो होतो. पोळलेल्या हातावर फुंकर घालत होतो. समोर पत्रा, मागं कोकरं गरम. आणि मला वाटलं, अरे, जीपच्या मागं पण असंच आहे की. वारा आत जाईना तर आतलं गरमच राहणार. शहरात पत्रा नाही, गाडी थंड. गावात पत्रा, गाडी गरम. मिस्त्रीला कसं कळावं? त्यानं बोर्ड पाहिलाच नव्हता. गावाला कसं कळावं? त्यांनी बोर्डाशिवाय जीप पाहिली नव्हती. दोन्ही पाहिलेला मी एकटा होतो, आणि मी पत्र्यानं कोकरं झाकत बसलो होतो.

त्या दिवशी जीप दुपारीच परतली. कडुबाला हाकलायचं होतं ना. बन्सी बोर्ड बांधायला लागला तसा मी मागं चढून बसलो.

"तू कुठं निगाला?" अप्पारावानं विचारलं.

"तमाशा बघाय."

त्याला बरं वाटलं.

मारुतीच्या पारापुढं माणसं जमली होती. कडुबाची बायको भांडी बांधून दारात बसली होती, असं कुणीतरी सांगितलं. कडुबा पाराखाली उभा होता. पारावर चढायची त्याला कुणी सोय ठेवली नव्हती.

मी म्हणालो, "अप्पा, एक परीक्षा घ्या. गाडीतलं समदं पानी काढा. आज पानी कडुबाचं नगं. तुमच्या घरचं घाला."

लोकांना हे पटलं. आत निरोप गेला आणि अप्पारावाची बायको सरूबाई स्वतः हंडा घेऊन आली.

"देवाचं घालू का साधं?" तिनं नवऱ्याला विचारलं. माणसं हसली. अप्पाराव हसला नाही.

तिनं आपल्या हातानं पाणी ओतलं. मग कडुबाला पाराशीच बसवून ठेवलं, आणि सरूबाई स्वतः पुढं बसली, मी मागं. बन्सीनं जीप नाल्याच्या चढावर नेली, वळवली, पुन्हा चढवली. तिसऱ्या फेरीला वाफ निघाली. परत पाराशी आलो तेव्हा झाकणातून पाणी उकळून बाहेर येत होतं.

"आता मीठ सरूबाईनं टाकलं व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं.

"मी तर साखर बी टाकली नाय," सरूबाई म्हणाली. "यांच्या च्याला पुरत नाय, तर गाडीला कुठून टाकू?"

अप्पारावाचं तोंड जीपसारखंच झालं होतं. मी म्हणालो, "आता गाडी निवू द्या, आनि दुसरी खेप बोर्ड काढून."

"बोर्ड?" अप्पाराव खेकसला. "गावाम्होरं बोर्ड काढायचा? लोक काय म्हनतील?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. जागा त्याची होती. कोकरं चार दिवसांची होती. पण कडुबानं माझ्याकडं पाहिलंही नाही, तो जमिनीकडं पाहत होता, आणि ते मला सहन झालं नाही.

"रोज माझ्या वाड्यावर काढता तवा लोक काय म्हनतात?"

 पारावरून कुणीतरी विचारलं, "रोज काढता?"

"शेहरात जाताना काढतात. येताना लावतात. इचारा बन्सीला."

बन्सीनं आभाळाकडं पाहिलं. त्याला बराच वेळ पाहायला लागलं. शेवटी म्हणाला, "तार रोज मीच सोडतो. बोटं बघा माझी."

आता माणसं अप्पारावावर हसत होती. सरूबाईनं पदर तोंडाला लावला. काही पोरं चिडली होती. त्यांनी त्या बोर्डामागं फिरून घसे बसवून घेतले होते. त्यातल्याच एकानं पुढं होऊन तार सोडली आणि पत्रा पाराला टेकवून ठेवला.

गाडी निवली. सरूबाईनं पुन्हा पाणी घातलं. बन्सीनं पाच वेळा चढ चढवला, सहाव्यांदा हौसेनं. परत आल्यावर मी बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिलो. मग एकेक माणूस येऊन हात ठेवून गेला, जसं काही दर्शन होतं.

अप्पारावानंही ठेवला. मग तो कडुबाकडं वळला. मला वाटलं आता काहीतरी बरं बोलेल.

"तू तर कंपनीत मशीन बघतोस. तुला कळलं नाय?"

"पयल्याच दिवशी कळलं," कडुबा म्हणाला.

"मग बोलला का नाय? दोन म्हैने माझा पैसा गेला!"

कडुबा पहिल्यांदा वर पाहत बोलला. "मी म्हनलो असतो बोर्ड काढा, तर तुमी काय केलं असतं अप्पा?"

अप्पाराव पाराला टेकवलेल्या पत्र्याकडं बघायला लागला.   कडुबानं सायकल उचलली. त्याची पाळी हुकली होती, पण तरी तो निघाला, बायकोला भांडी सोडायला सांगायला.

घर खाली करायचं कुणी पुन्हा बोललं नाही. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडं ती पद्धत नाही.

अप्पारावानं बोर्ड जीपच्या मागं बांधून घेतला. आणि दुसऱ्याच दिवशी बन्सीकडून मला निरोप पाठवला, की वाडा हलव, तिथं प्लॉट पाडायचेत. मुदत दोन दिवस. मी विचारलं, "प्लॉट कवा पडनार?" बन्सी म्हणाला, "मला काय ठावं. मला तर एवढंच सांगितलं की केरबा नको."

कडुबानं एक दिवसाचा खाडा केला आणि आला. बौद्धवाड्याच्या मागं त्याच्या चुलत्याचा अर्धा एकर पडीक होता, तिथं जायचं ठरलं. आम्ही मेखा उपटल्या. जाळी गुंडाळली. दोन कोकरं त्यानं सायकलच्या पुढच्या पिशवीत ठेवली, दोन मी घोंगडीत घेतली.

"मामा," तो म्हणाला, "तिथं चढ हाय. म्हातारपनी दम लागंल तुमाला."

"लागू दे. दम लागला तर बसंन. मला कुठं सभेला जायाचंय?"

एवढ्यात गावाकडून जीप आली. अप्पारावानं नवा सदरा घातला होता. त्या दिवशी कंपनीच्या साहेबाकडं मुरमाच्या कामाची सही होती. जीप सवयीनं वाड्यापाशी थांबली. बन्सी उतरला, मागं गेला, तार सोडली, बोर्ड दोन्ही हातांत धरला आणि वळला.

समोर मुरमाचं मोकळं रान होतं. मेखांची भोकं होती. लेंड्या होत्या. भिंत नव्हती, दार नव्हतं, झाडही नव्हतं. रस्त्यावरून कंपनीच्या पाळीची माणसं सायकलींवरून चालली होती आणि सगळी तो पत्रा वाचत चालली होती.

"अप्पा, कुठं ठिवू?" बन्सीनं विचारलं.

अप्पारावानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"केरबा, अरे, आजचा दिवस तरी..."

"मेंढरं निघाली अप्पा," मी म्हणालो, आणि हाळी दिली.

ती निघालीच होती. आम्ही नाल्याकडं वळलो तेव्हा मी एकदा मागं पाहिलं. बन्सी पत्रा डोक्यावर घेऊन उन्हात उभा होता. अप्पाराव घड्याळ बघत होता. जीप जागच्या जागी चालू होती, आणि तिच्यातून वाफेचा एक थेंबही निघत नव्हता.