पांढरे हातमोजे

लाँड्रीतल्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला एक दांडा होता आणि सहा बटणं. वरच्या ओळीत ठोशांची तीन, खालच्या ओळीत लाथांची तीन. खालचं डावीकडचं बटण एकदा दाबलं की आतच बसायचं, नखाने उचकटून वर काढावं लागायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवट डाग. समोर एक स्टूल. त्याला पाय चार, पण जमिनीला टेकायचे तीनच. पडद्यातले प्रतिस्पर्धी एकूण बारा. त्यांतले अकरा हरवून झाले होते. परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

"मेला का तो?" इस्त्रीच्या टेबलामागून लाँड्रीवाल्या काकूंनी विचारलं.

"मीच मेलो," ओळंबा म्हणाला.

"परत?"

"सतराव्यांदा."

"सतरा वेळा मार खाल्ल्यावर ओळख होते हो माणसाची. एव्हाना त्याने तुम्हाला चहाला बोलवायला हवं होतं."

ओळंबा हसला, डावं मनगट उजव्या हाताने चोळलं आणि पुन्हा सुरुवातीचं बटण दाबलं.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूस चोवीस वर्षं टॉवर क्रेन चालवत होता, आणि त्याच्या हुकाला लटकलेलं ओझं तसंच सरळ, न हलता खाली यायचं. कुठल्याशा साइटवर कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मुकादमाच्या फोनमध्येसुद्धा तो याच नावाने होता.

तर असा हा माणूस. चोवीस वर्षं जमिनीपासून शेहेचाळीस मीटरवर बसला आणि त्याला साधं खरचटलं नाही. मग एका रविवारी घरातला बल्ब बदलताना पंचेचाळीस सेंटिमीटरच्या स्टुलावरून पडला. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत एक पट्टी बसली आणि सात स्क्रू.

"शंभरपट उंचीवरून पडला असता तर काही सांगायची तरी सोय होती," असं तो भेटायला येणाऱ्यांना स्वतःच म्हणायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला उरायचं नाही.

क्रेनच्या केबिनमध्ये दोन दांडे असतात. उजव्याने हूक वरखाली होतो. डाव्याने बाकी सगळं: क्रेनचा हात फिरवणं, ओझं जवळ घेणं, लांब नेणं. म्हणजे मोडायला नेमका हाच हात सापडला होता. सहा महिन्यांहून जास्त सुट्टी झाली की कंपनी परीक्षा पुन्हा घेते. हुकाला एक ड्रम टांगतात, त्यात खुणेपर्यंत पाणी. चार खांबांमधून नागमोडी फिरवून तो सहा मिनिटांत खडूच्या वर्तुळात ठेवायचा. मग पाण्यात स्टीलची पट्टी बुडवून बघतात. पाणी चाळीस मिलिमीटरहून जास्त खाली गेलं असेल तर नापास. गेल्या वर्षी ओळंब्याचं आठ मिलिमीटर गेलं होतं. तो कागद साइट ऑफिसच्या भिंतीवर अजून चिकटवलेला होता.

नापास झाला तर काय, हेही ठरलेलं होतं. मुकादम भला माणूस. त्याने आधीच फोन करून सांगितलं होतं, "काळजी नको करू रे. स्टोअरमध्ये तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय. गादीची आहे."

त्या गादीने ओळंब्याची झोप उडवली होती.

फिजिओ म्हणजे व्यायाम करून घेणारी पोरगी लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बसायची. तिने रबरी चेंडू दिला होता. "मनगट चारही दिशांना, दिवसातून दोनशे वेळा, काका." ओळंबा साठपर्यंत जायचा आणि कंटाळून चेंडू खिशात टाकायचा. एकदा तिच्या खोलीत गर्दी होती म्हणून तो खाली लाँड्रीत थांबला. कोपऱ्यात हे जुनं यंत्र होतं. नाण्यांची पेटी केव्हाच काढून टाकलेली, त्यामुळे कुणीही यावं आणि खेळावं. येत मात्र कुणी नव्हतं. त्याने सहज डावा हात दांड्यावर ठेवला. दांड्याचा गोळा केबिनमधल्याइतकाच मोठा होता, आणि गुळगुळीतही तितकाच.

पहिला प्रतिस्पर्धी एक लंबू होता. त्याने हवेत उडी घेतली, आणि ओळंब्याने आपला गडी सरळ त्याच्या दिशेने पुढे नेला. लंबूची लाथ तोंडावर बसली. पुन्हा उडी, पुन्हा पुढे, पुन्हा लाथ. असा अकरा वेळा हरला तो त्या पहिल्याच गड्याशी. फिजिओ जिन्यावरून बघत उभी होती.

"काका, तुम्ही त्याच्या दिशेने का जाता?"

"तो झुलतोय ना."

"तो झुलत नाहीये, काका. तो लाथ मारतोय."

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवून हसून घेतलं. पण ओळंब्याचं म्हणणं काही उगाच नव्हतं. हुकाला लटकलेलं ओझं पुढे झुललं की नवशिका घाबरून दांडा मागे ओढतो, आणि झोका वाढतो. मुरलेला ऑपरेटर उलट करतो. ओझं जिकडे झुलतंय तिकडेच जातो, बरोबर त्याच्या डोक्यावर पोहोचतो आणि थांबतो. झोका जागच्या जागी मरतो. याला झोका पकडणं म्हणतात. चोवीस वर्षांत हे हाताला इतकं लागलं होतं की हवेत उडालेली कुठलीही वस्तू दिसली की डावा हात आपोआप तिच्याकडे जायचा.

ती सवय मोडायला त्याला चार दिवस लागले. मग मात्र गाडी रुळावर आली. त्याच्या लक्षात आलं की ही मंडळी रागाने लढत नाहीत, सवयीने लढतात. पैलवानाच्या जवळ उभं राहिलं की तो मिठी मारतो. दोन पावलं लांब राहिलं की धावत येतो आणि पायात पाय घातला की पडतो. साखळीवाला तीन वेळा साखळी फेकतो, चौथ्यांदा दम घेतो. ओळंबा हे सगळं लाँड्रीच्या पावत्यांच्या मागे लिहून ठेवायचा, किती वेळा काय झालं त्या आकड्यांसकट. एकेकाला धूळ चारत तो अकराव्यापर्यंत आला. फिजिओने मोजलं, एका लढतीत मनगट सरासरी सत्तर वेळा हलत होतं. चेंडू तिने परत मागून घेतला.

राहिला बारावा. उंच, काळे कपडे, हातात पांढरे हातमोजे, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू आपण त्याच्या दारात काहीतरी मागायला आलोय. त्याला काही लागूच पडत नव्हतं. तुम्ही हात उचलायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा.

त्या दिवशी दुपारी बायको चादरी घेऊन लाँड्रीत आली. नवऱ्याला स्टुलावर बघून दारातच थांबली.

"लोकांच्या घरी पोरांना यातून उठवावं लागतं. माझ्या नशिबी नवरा."

"व्यायाम चाललाय माझा."

"दिसतंय. घाम त्या पडद्यातल्याला फुटलाय, तुम्हाला कुठे?" तिने चादरी काकूंकडे दिल्या आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. आवाज जरा खाली आणला. "अहो, स्टोअर काय वाईट आहे? दार आहे, पंखा आहे, डोक्यावर छप्पर आहे."

"माझ्या डोक्यावर वरही छप्परच असतं."

"मी चोवीस वर्षं कपडे वाळत घालते. ते जोरात उडायला लागले की माझं कामात लक्ष नसतं."

"वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की आम्ही क्रेन बंद करतो. मोजायचं यंत्र असतं तिथे."

"ते तुम्हाला माहीत. दोरीवरच्या कपड्यांना माहीत नसतं."

त्याने आत बसलेलं बटण नखाने वर काढलं. मग म्हणाला, "खाली बसून मी काय करणार, सांग? दुसऱ्याने उचललेलं मोजत बसू?"

बायकोने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर पांढऱ्या हातमोज्यांनी त्याच्या गड्याला आडवं केलं.

"आणि याच्याकडून रोज मार खाऊन तुम्ही वर जाणार?"

"याला आडवा करूनच जाणार."

दुसऱ्या दिवशी त्याने लढणंच बंद केलं. आपला गडी पडद्याच्या एका टोकाला उभा केला आणि नुसता हवेत एक हलका ठोसा मारला, कुणालाही न लागणारा. पांढऱ्या हातमोज्यांनी लगेच उडी घेतली. ओळंब्याने पावतीवर एक रेघ ओढली. पुन्हा ठोसा. असं वीस वेळा. वीसपैकी सतरा वेळा उडी, दोन वेळा लाथ, आणि एकदा तो नुसताच उभा.

फिजिओ जेवणाच्या सुट्टीत खाली आली होती. तिने पावती वाचली. "काका, हा डोळ्यांनी बघतच नाही. तुम्ही बटण दाबलं की त्याला आतल्या आत कळतं. म्हणून तर तो आधी पोहोचतो."

"म्हणजे त्याला खोटं सांगितलं तरी खरंच वाटणार?"

"सतरा वेळा तरी."

आता उडी हुकमी झाली होती, पण उडीचं करायचं काय? मागे सरकलं तर टाच लागायची. हात आडवे धरले तरी प्रत्येक उडीला थोडी ताकद जायचीच. ओळंब्याने त्याची उडी फरशा मोजून मापली. पडद्यातल्या जमिनीवर फरशा होत्या; लंबू तीन फरशा उडायचा, हा सहा. सहा फरशा म्हणजे लांबचा झोका. तो पाचव्या फरशीवर उभा राहिला, हवेत खोटा ठोसा मारला, आणि मग चार दिवस खपून मोडलेली सवय त्याने हाताला परत दिली.

समोरचा उडाला. ओळंबा त्याच्याच दिशेने, त्याच्या खालून पुढे गेला. लाथ मोकळ्या हवेत गेली. पांढरे हातमोजे खाली उतरले तेव्हा त्यांची पाठ ओळंब्याकडे होती. आता दांडा उजवीकडून एकदम डावीकडे. मनगटाला सगळ्यात जड जाणारा पलटा हाच. सातही स्क्रू आपापल्या जागेवरून बोलले. त्याने समोरच्याला पाठीमागून धरला आणि आपटला.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी पलटा दहापैकी चार वेळा जमला, आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी दहापैकी सहा. परीक्षेच्या चार दिवस आधी, दुपारी सव्वातीनला, दहापैकी नऊ. बारावा गडी पाठीवर पडला आणि उठला नाही.

"मेला?" काकूंनी विचारलं.

"पडलाय. उद्या परत उभा राहील, निर्लज्ज आहे तो," ओळंबा म्हणाला, आणि जिना चढून वर गेला. फिजिओने मनगट मोजलं. उजवं सत्तर अंश वाकत होतं, डावं अठ्ठावन्न.

"यापुढे फारसं जाईल असं वाटत नाही, काका," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

"अठ्ठावन्न पुष्कळ झाले. बारा मी डोक्याने भरून काढीन."

परीक्षेच्या सकाळी बायकोने डब्याबरोबर रुमालही दिला. चादरी धुऊन घरी आल्या होत्या. त्या तिने कपाटात ठेवल्या. दोरीवर त्या दिवशी काहीच घातलं नाही.

क्रेनची शिडी एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांची. तो मध्ये दोनदा थांबला, पूर्वी एकदा थांबायचा. केबिनमध्ये बसून त्याने खाली बघितलं. चार खांब, खडूचं वर्तुळ, परीक्षक, मुकादम. मुकादमाने स्टोअरमधली ती खुर्ची बाहेर आणून उन्हात ठेवली होती.

"ओळंब्या, ऐकू येतंय का?" रेडिओवर मुकादम. "वारा एकोणतीस आहे. थांबायचं असेल तर थांबू."

"ड्रम भरलात का?"

"भरला."

"मग कशाला थांबायचं? पाणी उन्हाने आटेल आणि बोल मला लागेल."

त्याने ड्रम उचलला. पहिला खांब सहज गेला, दुसराही. तिसऱ्यापाशी वारा आडवा आला. ड्रम बाहेरच्या बाजूला, खांबाकडे झुलला. खाली परीक्षक एक पाऊल मागे सरकला. ओळंब्याचा डावा हात वाट बघत नव्हता. तो झोक्याच्या मागे निघालाही होता. बाहेर, आणखी थोडा बाहेर, ड्रमच्या बरोबर डोक्यावर. मग पलटा. स्क्रू बोलले. ड्रम खांबापासून वीतभर अंतरावर थबकला, आणि दोरी सरळ झाली.

चौथा खांब. वर्तुळ. पाच मिनिटं दहा सेकंद.

तो खाली उतरला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोजल्याशिवाय तशी पद्धत नव्हती. मुकादमाने खुर्ची पुढे सरकवली. "बस जरा. दमला असशील."

"उभा बरा आहे," ओळंबा म्हणाला. डावा हात त्याने खिशात घातला होता.

स्टीलची पट्टी खुर्चीच्या गादीवर ठेवलेली होती. परीक्षकाने ती उचलली, रुमालाने कोरडी केली, ड्रमच्या कडेशी धरून खाली सोडली. वाचलं. पुन्हा पुसली, दुसऱ्या बाजूने सोडली, पुन्हा वाचलं. मग खिशातून पेन काढून कागदावर लिहिलं.

अकरा मिलिमीटर.