वाटेत पहिला भेटलेला माणूस

इशबेल टेनंटची लेक दीड महिन्याची होत आली, तरी तिला नाव नव्हतं. म्हणजे नाव ठरलेलं होतं, पण बाप्तिस्म्याआधी ते मोठ्याने उच्चारायचं नाही, ही आमच्याकडच्या आयांची शिस्त. तिचं पहिलं मूल असंच बिननावाचं गेलं होतं. त्याला मातीत ठेवताना हाक मारायलाही काही नव्हतं. या खेपेला ती भीती तिला झोपू देत नव्हती.

अडलं होतं ते ड्युगल्ड मास्तरांपाशी. आठवडाभर ते कारखान्याच्या शाळेत मुलांना वठणीवर आणत आणि रविवारी चर्चचे कारभारी म्हणून त्यांच्या बापांना. बाप्तिस्मा रविवारी, सगळ्या मंडळींसमोर, आणि मूल बापानेच हातात धरायचं, हा नियम. इशबेलचा नवरा गॅविन लोखंडाच्या भट्टीवर मुख्य कामगार, आणि भट्टीला रविवार कळत नाही. कामावरच्या जोडीदाराचा हात भाजल्यापासून तर गॅविनला एकही रविवार मोकळा नव्हता. मास्तरांनी इशबेलला दोनदा परत पाठवलं होतं. देवाच्या दिवशी जो लोखंड गाळतो त्याने आधी आपलं घर सावरावं, असंही वर ऐकवलं होतं. नाकावर माशी बसू देतील तर ते मास्तर कसले!

तरी त्या रविवारी ती निघाली. आता पाद्रीबाबांनाच गाठायचं, असं तिने ठरवलं होतं. सोबत शेजारची ग्रिझेल म्हातारी होती, आणि शालीत चीज घातलेला पाव. बाप्तिस्म्याला निघालेल्या मुलीला वाटेत जो पहिला पुरुष भेटेल, त्याला तो द्यायचा. त्याने तो खायचा आणि बाळासोबत थोडं चालायचं. नाही म्हणाला, तर बाळाचं बरं होत नाही म्हणतात.

कालव्याच्या पुलावर पहिला पुरुष भेटला, तो नेमके ड्युगल्ड मास्तरच. उंच काळी टोपी, काखेत बायबल. असल्या रीतींना मास्तर खुळचटपणा म्हणत आणि शाळेत त्यावरून छड्याही मारत.

“अगं पोरी, फिर माघारी,” ग्रिझेल कुजबुजली. “हा बाबा पाव कालव्यात टाकेल.”

इशबेलने हात पुढे केला. मास्तरांनी आधी पावाकडे पाहिलं, मग बाळाकडे. बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. मास्तरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी पाव घेतला आणि तिथेच उभ्याने खाऊन टाकला.

“आता चालायचं ना मी?” त्यांनी चिडूनच विचारलं.

चर्च उजवीकडे होतं. इशबेल डावीकडे वळली, कारखान्याकडे. हे धाडस कुठून आलं, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. मास्तर थबकले. चर्चची घंटा वाजायला लागली होती. मग ते पुटपुटत तिच्या मागून निघाले. माणूस तिरसट होता, पण खाल्ल्या पावाला जागणारा होता.

भट्टीशी पोचताच धग तोंडावर आली. लोखंड वितळून तयार होतं, ते बाहेर सोडायची वेळ झाली होती. गॅविन घामाने निथळत, लांब सळई घेऊन उभा होता. मास्तरांना पाहून त्याने टोपी काढली. हवा फुंकणाऱ्या यंत्राच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून तो त्यांच्या कानाशी ओरडला.

“मास्तर, मला यायचंच होतं. पण आत्ता हात काढला तर लोखंड आतच थिजेल. मग भट्टी गेली, आणि गावातल्या निम्म्या चुलीही.”

मास्तरांनी भट्टीकडे पाहिलं, त्याच्या डागांनी भरलेल्या मनगटांकडे पाहिलं. मग त्यांनी बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

“बाप अडला असेल, तर दुसरा कुणी जबाबदारी घेऊन उभा राहू शकतो,” ते ओरडून म्हणाले. “तोही नियमच आहे. मी तुम्हाला सांगितला नव्हता. नाव काय ठेवायचंय?”

नाव असं सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं कसं? लोखंड ओतायची वाळू पुढेच पसरलेली होती. गॅविनने सळईच्या टोकाने तिच्यावर एकेक अक्षर काढलं. ती अक्षरं त्याला मोठ्या वयात, संध्याकाळच्या शाळेत, मास्तरांनीच शिकवली होती. मास्तरांनी वाचून मान हलवली आणि गॅविनने बुटाने वाळू सारखी केली.

“तुमच्यामुळे लिहिता आलं, मास्तर,” तो म्हणाला. मास्तरांना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. ते बाळाला सांभाळत, डबकी चुकवत निघाले होते.

चर्चमध्ये पोचेपर्यंत पहिलं स्तोत्र संपलं होतं. मास्तरांना उशीर झालेला गावाने कधी पाहिला नव्हता, त्यामुळे बाकांवरच्या सगळ्या माना वळल्या. इशबेल मागेच थांबली. मास्तर कोटावरची राखही न झटकता सरळ पुढे जाऊन उभे राहिले. हे मूल कोण घेऊन आलंय, असं पाद्रीबाबांनी विचारलं.

“तिचा बाप,” मास्तर म्हणाले. “तो भट्टीवर आहे. हात तेवढे माझे.”

मग त्यांनी पाद्रीबाबांच्या कानात नाव सांगितलं. कपाळावर पाणी पडलं, बाळ रडलं, आणि ते नाव भरल्या चर्चमध्ये सगळ्यांनी ऐकलं. या माणसाला आपण मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, याची इशबेलला लाज वाटली, आणि त्याचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत असंही वाटलं. मास्तरांनी येऊन बाळ तिच्या हातात दिलं तेव्हा तिला त्यांचे आभार मानायचे होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. बाईने स्तोत्रापुरताच आवाज काढायचा त्या जागी तिने लेकीला मोठ्याने हाक मारली.

“मॅरियन.”

तिला कुणी गप्प केलं नाही. मास्तरांनीसुद्धा नाही.