उंबऱ्याबाहेर ठेवलेला बूट

मी बूट बोलतोय, आणि रागावून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. जुनी वस्तू बोलायला लागली की लोकांना वाटतं, झालं, आता ही आपलं रडगाणं गाणार. कोणी मला पुसलं नाही, कोणी मला जपलं नाही! मला कोणी पुसावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझं भांडण निराळं आहे.

मी दिसतो कसा, ते ऐका. तान्ह्या मुलाच्या पायात बसतील असे दोन बूट, बोटांपाशी उघडे, वर नाडी, आणि दोन्ही तळव्यांना जोडणारी एक लोखंडी पट्टी. तोंडं बाहेरच्या बाजूला वळलेली. मला घालून कोणी चालत नाही, चालूच शकत नाही. मला निजताना घालायचं असतं. जन्मतःच ज्याचं पाऊल आत वळलेलं असतं, त्याचं पाऊल डॉक्टर सरळ करतात आणि ते पुन्हा आत वळू नये म्हणून रात्रभर धरून ठेवायचं काम माझं. पाऊल मोठं हट्टी असतं हो. एकदा सरळ केलं म्हणून गुमान सरळ राहत नाही.

नाशकात भद्रकालीकडे पुंजा मिस्त्रीचं दुकान होतं. हाडांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आली की तो पट्टे आणि बूट बनवून द्यायचा. १९८१ च्या संक्रांतीच्या सुमारास त्यानं मला शिवलं. "पोरगा का पोरगी?" त्यानं विचारलं. पोरगी, असं कळल्यावर त्यानं लाल नाडी शोधून घातली. त्या पोरीचं नाव यमुना. घरात यमू. सायखेड्याच्या सहादू गिरणीवाल्याची लेक.

तिची आई सुलाबाई. माझ्या आधीची सगळी हकिकत मी तिच्याच तोंडून ऐकली, इस्पितळातल्या बाकावर. यमू पोटात असताना, १९८० च्या फेब्रुवारीत, सूर्याला मोठं ग्रहण लागलं होतं. त्या वेळी सुलाबाईनं चुलीत सारायला एक तुराटी मोडली. पुढं पावसाळ्यात पोर झाली ती उजवं पाऊल आत वळवून. झालं! तिची सासू विठाबाई आल्यागेल्याला सांगायला लागली, "गिराण सुटायच्या आधी तुराटी मोडली हिनं. तिकडं तुराटी मोडली, हिकडं पाय वाकला."

आता काय बोलायचं सांगा! तुराटी जळून गेली, तिची राख भांडी घासून संपली, पण खापर फुटलं ते सुलाबाईच्याच डोक्यावर. अशी हजार पोरं जन्माला येतात, ग्रहण असो वा नसो. पण दोष ठेवायला घरात सून असली की सूर्यचंद्रसुद्धा कामाला येतात.

सुलाबाई मात्र खमकी. ती बोलणी गिळून कामाला लागली. नाशिकच्या इस्पितळात पायाला प्लास्टर घालायला सुरुवात झाली. जायच्या आदल्या दिवशी पोरीचा पाय कोमट पाण्यात बुडवून जुनं प्लास्टर सोडवायचं आणि सकाळच्या एसटीनं नाशिक गाठायचं. डॉक्टर पाऊल हातात धरून हळूहळू बाहेर वळवायचे आणि तसंच धरून नवं प्लास्टर चढवायचे. दर आठवड्याला हेच. शेवटी टाचेमागची ताठ शीर जराशी कापली, तेव्हा टाच खाली आली. पाऊल सरळ झालं, अगदी दुसऱ्यासारखं. डॉक्टरांच्या हातात गुण होता, ते मी नाकारत नाही. पण जिभेला फुरसत नव्हती. मला सुलाबाईच्या हातात देऊन म्हणाले, "रोज रात्री हे बूट. चार वर्षं. चुकलात तर पाऊल परत फिरेल. पुढचा पेशंट!"

घर केवढं आहे, निजता कुठं, घरात शब्द कोणाचा चालतो, काही म्हणून विचारलं नाही.

मी सायखेड्याला पोचलो. पुढं गिरणी, तिला लागून ओटा, आणि ओट्यामागं एकच मोठी खोली. तिथंच चूल, तिथंच देव्हारा, तिथंच सगळ्यांची अंथरुणं. सुलाबाई मला घेऊन आत शिरणार, तोच विठाबाई दारात आडवी आली.

"हे काय? पायताण? आन् उंबऱ्याच्या आत?"

"आत्याबाई, औषध हाय ते."

"औषध बाटलीत असतं. कातड्याचं औषध मी तरी नाय पाहिलं. माझ्या घरात खंडोबाच्या टाकासमोर पायताण घालून कोणी निजायचं नाय. आन् एक पाय वाकडा होता ना? मग चांगल्या पायाला कशाला ही बेडी?"

चांगल्या पायाला का, तर दोन्ही पाय पट्टीला बांधल्याशिवाय वाकडा पाय जागेवर राहत नाही म्हणून. हे सुलाबाईला डॉक्टरांनी सांगितलं असतं तर तिनं सासूला सांगितलं असतं. सहादू गिरणीचा पट्टा घट्ट करत होता, तो घट्टच करत बसला. धन्य तो गडी! इंजिनाची घरघर ऐकून त्याला लांबूनही बिघाड कळायचा, पण शेजारी बायको बोलत होती ते काही कानावर पडलं नाही.

मला ओट्यावर ठेवलं, वहाणांच्या शेजारी. तेव्हा सुलाबाईनं काय करावं? तिनं गोधडी उचलली आणि पोरीला घेऊन ती ओट्यावर निजायला आली. पौषातली गोदाकाठची थंडी, माणसाच्या हाडात शिरणारी, आणि ही मायलेकरं उघड्यावर. मी यमूचे पाय धरून होतो. माझं काम मी चोख करत होतो. आत देव उबेत होते.

पंधरवडा गेला असेल, पोरीला खोकला झाला. छाती वाजायला लागली. तेव्हा मात्र सहादूला कंठ फुटला. "पाय झाला की सरळ! आता खोकल्यानं मारतीस का तिला?" सुलाबाईनं पोरीच्या पावलाकडं पाहिलं. खरंच सरळ होतं ते. आणि छाती खरंच वाजत होती. तिनं माझी लाल नाडी सोडली आणि पोरीला आत नेलं. तिला मी दोष देत नाही. बाकी सगळ्यांना देतो.

आणि पुढची गंमत ऐका. विठाबाईनं मला उचललं आणि गिरणीच्या दारावर खिळ्याला उलटं टांगलं. कशाला? तर गिरणीला नजर लागू नये म्हणून! घरात पायताण नको, पण दारात नजर उतरायला चालतं. वा रे न्याय!

तिथून मला सगळं दिसायचं. दळणाला येणाऱ्या बाया, पिठानं पांढरा झालेला सहादू, आणि यमू. ती चालायला लागली तेव्हा पाऊल बरं होतं. मग अंगठा आत बघायला लागला. मग टाच उचलली. तिसऱ्या वर्षी ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती, आणि त्या कडेला टणक घट्टा पडला होता. बाया डबे खाली ठेवून विचारायच्या, "लंगडती का गं पोर?" आणि विठाबाई म्हणायची, "गिराण लागलंय तिला."

अगं, गिराण कसलं! मी लोंबतोय ना इथं, तुझ्या डोक्यावर हातभर! माझ्या डोळ्यांदेखत ते पाऊल आत जात होतं आणि मी नजर उतरवत होतो. माझ्यासारख्याला यापेक्षा मोठी शिवी नाही.

एक दिवस यमूनं मान वर करून विचारलं, "आई, ते कोणाचे बूट गं?"

"तुझे."

"माझे? मग मला दे ना."

सुलाबाईच्या हातातली पिठाची पाटी खाली आली. तिनं मला खिळ्यावरून काढलं, पिशवीत टाकलं, पोरीला कडेवर घेतलं आणि कोणाला न विचारता एसटी धरली.

डॉक्टरांनी आधी पाऊल पाहिलं, मग मला. माझं आतलं कातडं अजून कोरं होतं. ते भडकले. भरल्या दवाखान्यात ओरडले, "हे बूट वापरलेतच कुठं? आई आहात ना तुम्ही? सगळी मेहनत पाण्यात घातलीत!" बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. मला वाटलं, आता ही रडणार. पण सुलाबाई म्हणाली,

"डॉक्टर, आमच्या घरात पायताण घालून उंबऱ्याच्या आत जाता येत नाय. तुम्ही इचारलं नाय, मी सांगितलं नाय. आता बोलायचं ते आमच्या घरी येऊन बोला, आमच्या आत्याबाईला. हितं पोरीचा पाय पाहा."

बरं झालं, डॉक्टरांनाही कोणीतरी एकदा सांगायला हवं होतं. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी पहिल्यांदाच नीट समजावलं. आता नुसत्या प्लास्टरवर भागणार नव्हतं. पाऊल आतल्या बाजूनं आणि टाचेमागून उघडून आखडलेल्या शिरा सोडवाव्या लागणार होत्या. मोठं ऑपरेशन. त्यानंतर पुन्हा प्लास्टर, आणि पुन्हा बूट. या वेळी एक दिवससुद्धा चुकवायचा नव्हता. ऑपरेशन करून सरळ केलेलं पाऊल पुन्हा फिरलं, तर पुढच्या खेपेला हाडच कापावं लागेल, असं ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. मी तिच्या पायाला केव्हाच लहान झालो होतो, म्हणून पुंजा मिस्त्रीनं नवी जोडी शिवली. मला सहादूनं गपचूप परत खिळ्याला अडकवलं. म्हणून पुढचं सगळं मी दारावरून पाहिलं.

सुलाबाई एका हातात नवे बूट आणि कडेवर यमू घेऊन आली. विठाबाई चौकटीत उभीच होती. "ते हितं बाहेर."

सुलाबाईनं पोरीला ओट्यावर बसवलं, बूट तिच्या मांडीवर ठेवले आणि ती सासूला बाजूला सारून आत गेली. बाहेर आली ती देव्हारा उचलून. अख्खा देव्हारा, टाकांसकट, घंटेसकट. तो तिनं ओट्यावर वहाणांशेजारी ठेवला.

"पायताण आन् देव एका घरात ऱ्हात नसतील, तर देव बाहेर निजतील. त्यांना खोकला होत नाय."

दळणाच्या बायांनी डबे खाली ठेवले. सहादूनं इंजिन बंद केलं. आयुष्यात त्या माणसानं वेळेवर केलेली ही एकच गोष्ट. सुलाबाई लेकीला उचलून आत गेली आणि तिनं बूट तिच्या पायात चढवले. मला आत दिसत नव्हतं, पण यमूचा आवाज आला, "आई, घट्ट बांध."

विठाबाईनं तळतळाट केला, गाव गोळा केलं, पदर डोळ्याला लावला. मग देव्हाऱ्याजवळ फतकल मारून बसली, कुत्री हाकत. दोन दिवस ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच देव्हारा उचलून आत नेला, आणि आतून तिचा आवाज ऐकू आला, "सुले, पोरीचं अंथरूण फिरव. डोकं देवाकडं कर, पाय भिंतीकडं. मग घाल तुला काय घालायचं ते."

ऐकलंत? अंथरूण फिरव! एवढंच होतं ते! अहो, पहिल्याच दिवशी कोणी हात लावून ती गोधडी फिरवली असती, तर पोरीला चिरावं लागलं नसतं. सासूला सुचलं नाही, नवऱ्याला सुचलं नाही, शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी विचारलं नाही. आठवलं की आजही माझ्या टाके घातलेल्या कातड्याची आग होते.

आता १९८८ साल. यमू आठ वर्षांची आहे. टाच टेकवून चालते, शाळेत जाते, भांडते. घोटा मात्र जरा ताठच राहिला. पाणी भरायला नदीवर उकिडवी बसली की उजवी टाच उचलते आणि ती एका हातानं दगड धरते. ते काही आता सुधारायचं नाही.

मी वाळून कडक झालोय. पट्टी गंजली आहे. लवकरच मला कोणी भंगारात देईल. खुशाल द्या. पण तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी आला, तर त्याला दारात अडवून देवाचं नाव सांगू नका. देवानं कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. मी सात वर्षं या दारावर टांगलेला आहे, मी ऐकलं असतं.