बर्फ लागलेल्या दोन बाटल्या

मित्रांनो, मी औषधं गार ठेवणारी एक जुनी निळी पेटी आहे. महाळुंग्याच्या एका औषध-गोदामात माझी नऊ वर्षं गेली. माझ्या जाड भिंतींचं तिथे फार कौतुक व्हायचं. मोशीला भर मे महिन्यात दोन तास गाडी अडकली, तरी माझ्या पोटातली इंजेक्शनं गारच राहायची. पण आज मला ज्या दिवसाची लाज वाटते, त्याविषयी सांगायचं आहे.

मला नेणारे मीरासाहेब पन्नाशीचे टेम्पोचालक. दर शनिवारी ते मला साबणाने धुऊन वाळवत.

त्या दिवशी दोन लहान बाटल्या कासारवाडीजवळच्या एका रुग्णालयात पोचवायच्या होत्या. कुरुळीच्या पंधरा वर्षांच्या तेजस्विनीसाठी. तिच्या गुडघ्याजवळच्या हाडात कर्करोग झाला होता. आधीच्या औषधाने गाठ आटली, पण हृदय थकलं. म्हणून डॉक्टरांनी तेच औषध लिपोसोममध्ये भरलेलं मागवलं. लिपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचा, डोळ्यांना न दिसणारा इवलासा फुगा. औषध त्यात बंद राहतं, हृदयाला कमी त्रास देतं आणि गाठीपाशी जास्त साठतं. मात्र हा फुगा नाजूक. उष्णतेने तो बिघडतो आणि गोठला तर फाटतो. मग औषध मोकळं होऊन पुन्हा हृदयावरच जातं.

बर्फाच्या पिशव्या बाटल्यांना लागू नयेत म्हणून मध्ये ठेवायचा माझा पुठ्ठा फाटून गेला होता. तापमान नोंदणारं यंत्रही बंद पडलं होतं. मीरासाहेबांनी गोदामाचे व्यवस्थापक उद्धवराव यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, आजचा दिवस भागवा. बाहेर ऊन रणरणत होतं. औषध तापू नये या धास्तीने मीरासाहेबांनी गोठलेल्या पिशव्या थेट बाटल्यांना लावल्या, वरून आणखी एक ठेवली.

मी तो सगळा गारवा धरून ठेवला. मला तेवढंच येतं.

रुग्णालयाच्या आवारात त्यांनी झाकण उघडलं तेव्हा बाटल्यांवर पांढरा थर होता. आतलं लाल औषध हलत नव्हतं. त्यांनी बाटल्या मुठींत धरल्या. थोड्या वेळाने औषध पातळ झालं, पहिल्यासारखं दिसू लागलं. मग त्यांनी रुमालाने बाटल्या पुसल्या. मलाही आतून कोरडं केलं.

औषध विभागातल्या भाग्यश्री मॅडमनी विचारलं, "वाटेत गोठलं वगैरे नाही ना?"

"न्हाई मॅडम."

त्यांनी तापमानाची नोंद मागितली, तर मीरासाहेब ऑफिसातून पाठवतो म्हणाले. खरं तर नोंदीशिवाय औषध घ्यायचं नसतं. पण मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आणता ना, मग मला काळजी नसते."

सही होईपर्यंत मीरासाहेब बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी तेजस्विनीची आई, पूनम, बसली होती. औषध यांनीच आणलं हे कळल्यावर तिने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे धरला.

"दादा, या औषधानं पोरीचं काळीज जपलं जातं म्हनं. येवढ्या उन्हात आला तुमी. लई उपकार झाले."

मीरासाहेबांनी बशी घेतली नाही. मला तिथेच सोडून ते औषध विभागाच्या खिडकीपाशी गेले.

"मॅडम, मी खोटं बोललो. औषध गोठलं हुतं."

मॅडमच्या हातात सुई होती. पहिल्या बाटलीत ती टोचायचीच बाकी होती. त्यांनी ती खाली ठेवली. पूनम मागोमाग आली होती, तिने सगळं ऐकलं. हे दिलं असतं तर काय झालं असतं, असं तिने विचारलं. कदाचित हृदयावर ताण आला असता, मॅडम म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. पूनम मीरासाहेबांकडे वळली.

"म्हनून चहा घेतला न्हाई व्हय?"

ती तशीच वळून पोरीकडे गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मीरासाहेब नंतर म्हणत.

दोन्ही बाटल्या फेकून दिल्या. नवीन औषध यायला चार दिवस लागले. ते चार दिवस त्या घराने कसे काढले, कोण जाणे. उद्धवरावांना नोटीस मिळाली, मीरासाहेबांचं औषधांचं काम गेलं आणि मी भंगारात निघाले. भंगारातून मीरासाहेबांनीच मला घरी आणलं. ते आता कारखान्यांचे सुटे भाग वाहतात.

दिवाळीनंतर भाग्यश्री मॅडमचा फोन आला. तेजस्विनीचं ऑपरेशन झालं, पाय वाचला, काठीच्या आधाराने चालते म्हणाल्या. मीरासाहेबांच्या पत्नी कनीज आनंदल्या. आता तरी तोंड पाडून बसू नका, म्हणाल्या.

"पोरगी बरी झाली, ते तिचं नशीब," मीरासाहेब म्हणाले. "मी तर पहिल्यांदा विचारलं तवा न्हाईच म्हणालो."

मित्रांनो, त्यांच्याइतकीच मीही शरमिंदी आहे. मॅडमनी आत डोकावून पाहिलं, तेव्हा मी त्यांना कोरडी, स्वच्छ दिसले. तुमच्या हाती कुणी औषध, अन्न, पाणी सोपवलं आणि ते बिघडलं, तर पहिल्याच प्रश्नाला खरं सांगा. आम्हा पेट्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.